नजर न लागलेले पाय

एका राज्यात (शब्द साधेच आहेत, आणि लिहिणाऱ्याचे ऱ्हस्व-दीर्घ नेहमी चुकते, तेवढे सांभाळून घ्यावे) मेघवर्मा नावाचा राजा होता, आणि त्या राजाचे पाय कधी म्हणजे कधी दुखत नसत.

दिवसभर रणात उभा राहिला तरी त्याची पोटरी भरून येत नसे. डोंगर चढून उतरला तरी टाच ठणकत नसे. उंबऱ्याला ठेच लागली की सोबतचे लोक कळवळत आणि राजा तसाच पुढे चालू लागे. लोक म्हणत, असे पाय मिळायला नशीब लागते.

खरे तर ते पाय मागून घेतलेले होते. तरुणपणी मेघवर्मा एका लढाईवरून परतत असताना वाटेतल्या दलदलीत त्याला घनकर्ण नावाचा मायावी छातीपर्यंत रुतलेला दिसला. मायावी लोकांना आकाशात उडता येते, पण चिखलातून निघता येत नाही. राजाने भाला पुढे केला. घनकर्ण तो धरून बाहेर आला आणि चिखल निथळत म्हणाला, "माग."

राजाच्या पायांना फोड आले होते, तळव्यांची आग होत होती. त्याला दुसरे काही सुचले नाही. "माझे पाय कधी दुखू नयेत," तो म्हणाला. मग घरातल्या म्हाताऱ्या बायकांची शिकवण आठवून त्याने पुढे जोडले, "आणि माझ्या पायांना कोणाची नजर लागू नये."

"नीट विचार केलास?"

"केला."

"दोन्ही दिले."

ओल्या धोतरातून पाणी पिळावे तसे घनकर्णाने राजाच्या पायांतले दुखणे पिळून काढले आणि चांदीच्या करंड्यात भरून झोळीत टाकले. बदल्यात माणकांनी मढवलेल्या मोजड्यांचा एक जोड दिला. राजा त्या घालून जवळजवळ नाचतच घरी आला.

आता नजरेचे का मागितले, ते सांगायला हवे. त्या राज्यात दृष्टीचे भय फार. बाळाच्या गालाला काजळ, दुभत्या म्हशीच्या गळ्यात काळा दोरा, नव्या घरावर काळी बाहुली. आणि राजाच्या पायांवर तर सारे राज्य डोके टेकवायचे. त्यांना दृष्ट लागली तर राज्याचे काय, असा प्रत्येकाला घोर. म्हणून तिथे राजाच्या पाया पडताना डोळे मिटायची रीत होती.

घनकर्णाचा वर मिळाल्यावर डोळे मिटायचीही गरज उरली नाही. माणसाची नजर राजाच्या पायांवर ठरेचना. तेलकट फरशीवरून पाऊल घसरावे तशी ती घसरे आणि बाजूच्या गालिच्यावर जाऊन पडे. दासींची घसरे, राणी इंदुलेखेची घसरे, खुद्द राजाची घसरे. रोज सकाळी दरबार भरे, माणसांमागून माणसे येत, राजाच्या पायांवर कपाळ टेकत, आणि पाय कसे आहेत ते एकालाही दिसत नसे. कोणाला त्याचे काही वाटतही नसे. राजा सुखात होता.

एके दिवशी दुपारी राजा बागेतल्या तळ्याकाठी बसला होता. मोजड्या काढून त्याने पाय पाण्यात सोडले होते. काठावर एक टिटवी किडे टिपत होती. तिने मान वाकडी केली, पाण्याकडे पाहिले आणि ओरडली.

"राजा, तुझ्या डाव्या पायात खिळा आहे."

राजाने इकडेतिकडे पाहिले. "कोण बोलले?"

"मी. खाली बघ. म्हणजे बघून काही उपयोग नाही म्हणा, तुम्हा माणसांना ते दिसायचे नाही. मला दिसते. नजर लागू नये असे मागताना पाखरांचे नाव घ्यायला विसरलास."

"खिळा असता तर दुखले असते."

"हो का? मग राहू दे. पायात दागिना घालायची नवी तऱ्हा म्हणू."

"पाखरा, जिभेला आवर घाल. आम्ही या राज्याचे स्वामी आहोत."

"आणि मी झोपेत पाय वर करून आभाळ पेलते. पायांतले मला कळते की तुला?"

राजाने आंधळ्यासारखा हात पुढे नेला आणि तळवा चाचपला. अंगठ्याच्या बुडाशी बोटांना काहीतरी टणक लागले. त्याने ओढले. हातात सोन्याचा खिळा आला, मोजडीवरच्या माणकाच्या कोंदणाचा, चांगला बोटाच्या पेराएवढा. किती दिवस तो त्यावरून चालत होता, देव जाणे. खिळ्यामागोमाग एक वास आला. रणांगणावर तिसऱ्या दिवशी येतो तो वास राजाला ओळखीचा होता.

"काय दिसते, सांग," तो हळूच म्हणाला.

टिटवीने आता थट्टा केली नाही. "अंगठा काळा पडलाय, राजा. आणि काळिमा वर सरकतोय."

वैद्यराजांना बोलावणे गेले. ते आले, जमिनीवर बसले, राजाचा पाय हातात घेतला आणि पाहायचा प्रयत्न करकरून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. नजर घसरे ती घसरेच.

"महाराज, पाय थंड लागतो. सूज हाताला कळते. न पाहता इतकेच सांगता येते. जखम दिसली तर साफ करीन, शेवटपर्यंत झटेन. न दिसणाऱ्या पायावर शस्त्र कसे चालवू?"

"आणि नाही दिसला तर?"

"काळिमा घोट्याशी पोचला की पाय जाईल. मग जीवाचेही मी काही बोलू शकत नाही."

राणी इंदुलेखा दाराशी उभी होती. ती म्हणाली, "वर ज्याने दिला, तोच तो मागे घेईल. मेणा काढा. स्वारी चालणार नाही, पाय जमिनीला लागणार नाही. मी बरोबर येते."

"राणीसाहेब, वाट अवघड आहे."

"म्हणूनच येते. तुम्हाला एकट्याला सोडले की तुम्ही काय मागून आणता ते पाहिलेच आहे."

मेणा निघाला. टिटवी मेण्याच्या दांडीवर बसली, कारण काळिमा कुठवर आला ते फक्त तिलाच दिसत होते. राजाने मोजड्या मांडीवर घेतल्या होत्या. वाटेत तो सारखा विचारी, "कुठवर?" ती सांगे, "अंगठा ओलांडला." पुन्हा विचारी, पुन्हा सांगे, "पावलाच्या उंचवट्यावर चढला." मग त्याने विचारायचे सोडले, आणि न विचारता ती सांगेना.

घनकर्ण एका उघड्या टेकडीवर राहत असे. त्याच्या गुहेला दार नव्हते. जो येई त्याच्यासाठी दगड बाजूला होत. राजाला भोयांनी उचलून आत नेले आणि चौरंगावर बसवले.

"ये राजा," घनकर्ण म्हणाला. "फार वर्षांनी आलास. पाय दुखतात का?"

"दुखत नाहीत. तेच दुःख आहे. माझे दुखणे परत दे."

"आधी तीन गोष्टी करून दाखव."

त्याने टाळी वाजवली. राजापुढे तांब्याची तीन घंगाळी आली, काठोकाठ पाण्याने भरलेली. एकाचीही वाफ दिसत नव्हती, कारण ते पाणी मंतरलेले होते.

"तिन्हींतले एक पाय धुण्याजोगे आहे. बाकीच्या दोन्हींत पाय सोलून निघेल. योग्य ते निवड."

राजा सवयीने उजवा पाय उचलून पहिल्या घंगाळात घालणार, एवढ्यात टिटवीने असा काही कलकलाट केला की भोई दचकले. राजाचा पाय हवेतच राहिला. तेव्हा त्याच्या ध्यानात आले, की उकळत्या पाण्यात पाय घातला असता तरी तो तसाच हसत बसला असता.

"ज्या पायांना काही कळत नाही, त्यांनाच विचारता?" राणी म्हणाली. "बाळाला न्हाऊ घालताना आई कसे पाहते? कोपराने."

राजाने बाही वर केली. राज्याभिषेकानंतर त्याने कोपर कशातही बुडवले नव्हते. पहिल्या पाण्याला कोपर टेकताच तो "हाय" करून मागे झाला. दुसऱ्याला तेच. तिसरे कोमट होते.

"हे."

"एक झाले," घनकर्ण म्हणाला. "आता तुझ्या मोजड्या घाल आणि माझ्यापर्यंत ये. दोनच पावले आहेत. माझा दिलेला जोड आहे, त्याचा मान राख."

राजाने मोजड्या हातात घेतल्या. माणके झळझळत होती. इतक्या वर्षांत त्या घालताना त्याने एकदाही विचार केला नव्हता. आता त्याने त्या उलट्या धरल्या आणि झटकल्या. एका मोजडीतून खडा पडला. दुसरीतून विंचू पडला आणि नांगी वर करून गुहेच्या फटीत निघून गेला. राजाने मोजडीच्या आत हात घातला, शिवणीवरून बोटे फिरवली. कोंदणांचे खिळे आतून एकेक करून वर आले होते. एखाद्या सापळ्यासारखी ती मोजडी दिसत होती.

"घालत नाही," तो म्हणाला.

"माझा अपमान होईल."

"होऊ दे. माणके परत घे. मला मऊ कातड्याचा साधा जोडा पुरे, बोटांना जागा असलेला."

त्याने मोजड्या भिरकावल्या. त्या जमिनीवर आपटल्या, माणके विझली आणि नुसते फाटक्या चामड्याचे तुकडे उरले. घनकर्ण रागावला नाही. उलट त्याचा चेहरा थोडा सैल झाला.

"दोन झाले."

"आता करंडा उघड," राजा म्हणाला.

घनकर्णाने झोळीतून चांदीचा करंडा काढला आणि उघडून राजापुढे धरला. तो रिकामा होता. तळाला नुसता ओलसर डाग होता.

राजाने त्या डागावरून बोट फिरवले. मग म्हणाला, "कुठे आहे?"

"विरून गेले. दुखणे अंगात असले तर टिकते, करंड्यात टिकत नाही. जे गेले ते परत आणायची विद्या माझ्याकडे नाही, राजा. कोणाकडेच नाही."

"मग मला इथवर का खेळवलेस?" राजाचा आवाज चढला. "माझा पाय जातोय!"

"कारण पाय वाचू शकतो. दुखणे हा तुझ्या पायांचा पहारेकरी होता. काटा शिरला की तो ओरडायचा, चटका बसला की ओरडायचा. तुला त्याच्या ओरडण्याचा कंटाळा आला आणि तू त्याला हाकलून दिलेस. तो आता येणार नाही. दुसरा पहारेकरी ठेव."

"कोण?"

"ज्याला तू दाराबाहेर उभे केलेस तोच. नजर. ती लागू नये असे मागितलेस, आता ती ठेवता यावी असे माग. ही तिसरी गोष्ट. पण ती इथे माझ्यापुढे मागून चालणार नाही. ज्या लोकांच्या भयापायी तू वर मागितलास, त्या लोकांसमोर, तुझ्या तोंडाने, मोठ्याने, तेच भय मागून घे."

लढाईत राजाने भाले अंगावर घेतले होते. पण भरल्या दरबारात उभे राहून, माझ्या पायांना नजर लागो, असे म्हणायचे? त्याच्या जन्माआधीपासून त्या राज्यात हे शब्द कोणी थट्टेतही उच्चारले नव्हते. आणि खरेच लागली तर? जो एक पाय धड आहे तोही वाळून गेला तर?

परतीच्या वाटेवर राणीने त्याचा हात धरून ठेवला होता. नगराची वेस दिसली तेव्हा टिटवी न विचारता म्हणाली, "राजा, घोटा आता बोटभर लांब आहे. मनाचा जो काही निश्चय करायचा तो करून टाक."

भरदुपारी दरबार भरवला गेला. अवेळी बोलावणे आल्याने लोक जेवणाच्या ताटांवरून उठून आले होते. राजाने सिंहासनापुढे चौरंग मांडायला सांगितला, त्यावर पांढरे वस्त्र घातले आणि अनवाणी पाय त्या वस्त्रावर ठेवला. सगळ्यांच्या नजरा पायाकडे गेल्या आणि घसरून चौरंगाच्या पायांवर पडल्या.

"लोकहो," राजा म्हणाला. "माझ्या पायांना नजर लागो."

सभेत कोणीतरी किंचाळले. म्हातारे प्रधान सोमदत्त काठी टेकत पुढे धावले. "महाराज, शब्द मागे घ्या! मीठमोहऱ्या आणा रे कोणी!"

"प्रधानजी, बाजूला व्हा. माझ्या पायांना नजर लागो. माझी लागो, राणीसाहेबांची लागो, वैद्यराजांची लागो. ज्याला डोळे आहेत त्याची लागो."

मग राणी इंदुलेखेने वाकून पाहिले. तिची नजर घसरली नाही. ती पायावर टेकली आणि तिथेच राहिली. तिच्यामागून वैद्यराजांची टेकली, सोमदत्तांची टेकली, साऱ्या सभेची टेकली.

राजाने खाली पाहिले. तरुणपणापासून त्याने आपले पाय पाहिले नव्हते. टाचांना नांगरटीसारख्या भेगा होत्या. नखे वाढून कडेच्या मांसात शिरली होती. तळव्याच्या कडेला घट्टा जमला होता. आणि डावा अंगठा कोळशासारखा काळा होता. इतक्या कपाळांनी या पायांना स्पर्श केला होता, आणि हे असे होते. त्याला वाटले, आता सारे वाळून जाईल. त्याने सिंहासनाची कड घट्ट धरली.

काहीच वाळले नाही. काळिमा घोट्याच्या अलीकडे आला होता तिथेच अडला, थरथरला आणि भरती ओसरावी तसा मागे सरकू लागला. पावलाच्या उंचवट्यावरून उतरला, बोटांपाशी आला, अंगठ्याच्या टोकात जाऊन साकळला आणि तिथे थांबला.

"थांबला!" टिटवी ओरडली आणि साऱ्या दरबारावरून एक गिरकी मारून आली. "राजा, थांबला!"

राजाने सोडलेला श्वास दाराशी उभ्या पहारेकऱ्यापर्यंत ऐकू गेला. मग तो लहान मुलासारखा रडला, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

वैद्यराजांनी तिथेच बैठक मारली. कोमट पाणी कोपराने पाहून घेतले, जखम धुतली, मेलेले मांस काढले, स्वच्छ पट्टी बांधली. अंगठ्याचे टोक गेले. पाय राहिला. "आता या पायावर भार नाही," ते बजावून म्हणाले. "दिसत नव्हता तेव्हा मी गप्प बसलो. आता दिसतोय. आता महाराजांनी गप्प बसायचे."

"आज्ञा," राजा म्हणाला, आणि सभेत कितीतरी वेळाने हशा पिकला.

जखम भरेपर्यंत राजा पाय उशीवर ठेवून दरबार चालवी. लोक पाया पडायला येत ते आता डोळे उघडे ठेवून. आणि पाहायला मिळू लागल्यावर बोलल्याशिवाय कोण राहणार? कुंभारवाड्यातली एक आजी म्हणाली, "महाराज, टाचा भेगाळल्यात. तेल लावा की. बोटांच्या बेचक्यात मात्र नको हं, तिथे ओल राहिली की कुजतं." शेजारचा सरदार म्हणाला, "नखं कोपऱ्यात खोल काढू नका, सरळ कापा." सोमदत्त प्रधान आधी प्रत्येकावर डोळे वटारत. मग एके दिवशी त्यांनी हळूच आपला जोडा काढला, पाय वैद्यराजांपुढे केला आणि म्हणाले, "जरा हेही बघता? कधीपासून काही कळत नाहीये इथे." त्या दिवसापासून वैद्यराजांना जेवायला फुरसत मिळेना.

टिटवीला राजाने तळ्याचा एक काठ कायमचा तोडून दिला. "तिथे कोणी फिरकायचे नाही," असा हुकूम निघाला. ती म्हणाली, "उपकार केलास," आणि दुसऱ्या काठावर जाऊन बसली.

होता होता जखम भरली. वैद्यराजांनी पट्टी सोडली, अंगठ्यावरून बोट फिरवले आणि मान डोलावली. नवे जोडे आले, मऊ कातड्याचे, बोटांना ऐसपैस जागा असलेले. राजा ते घालून महालात थोडा चालला. नगरात त्या संध्याकाळी साखर वाटली गेली, आणि उद्या राजाची मिरवणूक निघणार अशी दवंडी पिटली गेली. राजाला काही दुखत नव्हते. आता कधी दुखणारही नव्हते, हे त्याला पुरते ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दरबाराला अवकाश होता. राजा खिडकीत उजेडाला बसला. पाय धुतले, पंच्याने कोरडे केले, बोटांच्या बेचक्यांतून पंच्याची कड फिरवली. तळवा दिसेना म्हणून राणीने समोर आरसा धरला.

"सरळ धरा. अजून थोडा खाली. तिथे. ते काय आहे?"

उजव्या टाचेच्या कडेला एक लाल ठिपका होता, मसुरीएवढा. नवा जोडा तिथे घासला होता. दुखत नव्हता, काही म्हणजे काही कळत नव्हते. काल नव्हता, आज होता.

राजा त्या ठिपक्याकडे पाहत राहिला, आणि त्याचा चेहरा उजळत गेला.

"राणीसाहेब," तो म्हणाला, "दिसला!"

त्याने उजवा जोडा बाजूला काढून ठेवला, वैद्यराजांना निरोप धाडला, आणि त्या दिवशी निघायची मिरवणूक पुढे ढकलली.